नोकरीत असताना दृष्टी कमी होत चाललेल्या भावासाठी साधने, प्रशिक्षण आणि हक्क यांबाबत मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठची

नमस्कार. माझ्या थोरल्या भावासाठी हा प्रश्न विचारत आहे. दादा एका तालुक्याच्या गावी निमशासकीय कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ सहायक आहे. वय शेहेचाळीस, म्हणजे नोकरीची बरीच वर्षे अजून शिल्लक आहेत. त्याला लहानपणापासून रातांधळेपणा होता, पण दिवसा सगळे नीट दिसत असल्याने घरात कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे चालताना बाजूच्या वस्तूंना धडकणे, पायरी चुकणे, ताटाशेजारचे पाण्याचे भांडे हाताने कलंडणे असे प्रकार वाढले, तेव्हा तपासणीत रेटिनायटिस पिग्मेंटोसा या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराचे निदान झाले. अगदी समोरचे त्याला अजून बऱ्यापैकी दिसते, परंतु नजरेचा घेर आकसत चालला आहे. फाईलमधील टिपणी वाचताना ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात त्याला सापडत नाही, आणि फिकट झेरॉक्स प्रत तर वाचताच येत नाही.

कार्यालयात आता उघड बोलले जाऊ लागले आहे. वरिष्ठांनी त्याला बोलावून, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिल्यास सन्मानाने बाहेर पडता येईल, असे सुचवले. दादाने अर्जाचा मसुदा तयार करून ठेवला आहे आणि तो येत्या काही दिवसांत देण्याच्या विचारात आहे. दुसरीकडे नातेवाईक दर आठवड्याला एका नव्या वैद्याचे किंवा इंजेक्शनचे नाव सुचवत असतात.

मला असे विचारायचे आहे की, पूर्ण दृष्टी गेली तरी कार्यालयीन काम मराठीतून करता येईल अशी साधने खरोखर आहेत का, असल्यास ती शिकवते कोण, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नेमके काय करावे लागते, आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यावा की नाही. स्वतः या वाटेने गेलेल्यांनी लिहिल्यास फार उपकार होतील.

निवृत्त_आस्थापना

ताई, बाकीच्या प्रश्नांची उत्तरे इतर जाणकार देतीलच. मी शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तातडीचा आहे. अर्ज देऊ नका. मसुदा घरात असेल तर तो घरातच राहू द्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २० अन्वये, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेस सेवेतून कमी करता येत नाही किंवा त्याची पदावनतीही करता येत नाही. तो आधीच्या पदाचे काम करण्यास योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह त्याला दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. असे पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयोमानानुसार निवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, त्याला अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा पदावर, ठेवता येते. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. स्थानिक स्वराज्य संस्था, शासनाच्या मालकीची महामंडळे आणि शासनाकडून अनुदान मिळणाऱ्या संस्था या सर्वांचा समावेश ‘शासकीय आस्थापना’ या व्याख्येत होतो, त्यामुळे निमशासकीय म्हणून आपले कार्यालय त्यातून सुटत नाही.

मात्र हे संरक्षण काढून टाकले जाण्याविरुद्ध आहे. कर्मचाऱ्याने आपल्या हाताने निवृत्ती मागितली आणि ती मंजूर झाली, की लढाई विनाकारण अवघड होते. पंजाब राज्य विद्युत मंडळातील भगवान दास यांचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. ते सहायक लाइनमन होते. सेवेत असताना त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि हक्कांची माहिती नसल्याने त्यांनी स्वतःच निवृत्ती मागणारे पत्र दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केले की, अशा कर्मचाऱ्याला कायद्याची खरी स्थिती समजावून सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते. तो निकाल १९९५ च्या जुन्या कायद्यातील कलम ४७ वर आधारित होता, आणि त्या तरतुदीचा आशय २०१६ च्या अधिनियमात कायम आहे. पण निकाल हाती येईपर्यंत त्या कुटुंबाची किती वर्षे गेली असतील याचा विचार करा. आपल्या दादांना न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊच नये, म्हणून आजच थांबा.

आस्थापना शाखेत मी आयुष्य काढले आहे. ‘सन्मानाने बाहेर पडा’ असे सांगणारे बहुतेक जण दुष्ट नसतात; त्यांना नियम माहीत नसतो आणि दृष्टी नसलेला माणूस फाईल हाताळू शकेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. दोन्ही गोष्टींवर उपाय आहे.

ध्वनिवाचक

मी जन्मापासून पूर्ण अंध असून पुण्यात बँकेत अधिकारी आहे. पत्रव्यवहार, हिशेबाची पत्रके, बैठकीचे इतिवृत्त हे सर्व मी संगणकावर स्वतः करतो, तेव्हा काम करता येईल का या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त ते यंत्र विकत घेतले म्हणून होत नाही, शिकून होते. माझा आग्रह असा की, दादांना थोडे दिसत असतानाच ऐकून काम करण्याचा सराव सुरू करावा. आज एखादी गोष्ट कानाने सापडली नाही तर ते डोळ्याने तपासून पाहू शकतात. ही सोय पुढे राहणार नाही.

सुरुवात फोनपासून करावी, कारण तो आधीच खिशात आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या विभागात टॉकबॅक नावाची सोय असते. ती चालू केली की फोनची वागण्याची रीतच बदलते. बोट जिथे टेकेल तिथले नाव फोन उच्चारतो, पण उघडत नाही. उघडण्यासाठी पडद्यावर कुठेही लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागते. एका बोटाने उजवीकडे सरकवले की पुढचा घटक, डावीकडे सरकवले की मागचा. यादी वर-खाली सरकवायला दोन बोटे लागतात. घरच्या लोकांनी उत्साहाने टॉकबॅक चालू करायचे, मग काहीच उघडत नाही म्हणून घाबरून ते बंद करण्याची खटपट करायची आणि शेवटी फोन दुरुस्तीच्या दुकानात न्यायचा, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून आधी आवाज कमी-जास्त करण्याची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक चालू-बंद होते का ते पाहावे आणि तो शॉर्टकट लावून घ्यावा. टॉकबॅकमध्येच सरावाचे धडे दिलेले आहेत; रोज थोडा वेळ ते करावेत. गुगलचा मराठी आवाज टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमधून उतरवून घेता येतो आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. वेग सुरुवातीला कमी ठेवावा, पण कान सरावला की वाढवत न्यावा. मी ज्या वेगाने ऐकतो तो ऐकून माझ्या सहकाऱ्यांना एक शब्द कळत नाही.

संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, घ्यावी. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे कार्यालयाकडे निधी नाही ही सबब इथे चालत नाही. जॉज हा दुसरा प्रसिद्ध स्क्रीन रीडर आहे, तोही उत्तम आहे, पण महाग आहे आणि सुरुवातीला त्याची गरज नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. तो यांत्रिक वाटतो आणि पहिल्यांदा ऐकणारे नाक मुरडतात, परंतु जुन्या संगणकावरही तो अडखळत नाही आणि वेग वाढवला तरी अक्षरे गिळत नाही. एक्सेलमध्ये बाणाच्या कळांनी प्रत्येक चौकट वाचत जाता येते, वेबपानावर एच दाबून पुढच्या मथळ्यावर आणि टी दाबून पुढच्या तक्त्यावर उडी मारता येते. माऊस लागत नाही.

दादा लिपिकवर्गातून आले असतील तर त्यांनी मराठी टंकलेखनाची ३० शब्द प्रति मिनिटाची परीक्षा दिलेली असणार. ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. बोटांना कळफलक पाठ आहे. टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणाऱ्या अक्षरपद्धतीतही, मिळते, त्यामुळे त्यांना टंकलेखन नव्याने शिकावे लागणार नाही, लिहिलेले ऐकून तपासायला तेवढे शिकावे लागेल.

बँकेच्या व्यवहारांबाबत एवढेच सांगतो की, दृष्टी कमी झाली म्हणून धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड, लॉकर किंवा नेट बँकिंग नाकारता येत नाही, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना २००८ पासून आहेत. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे मणी हे ॲप आहे. ते इंटरनेटशिवाय चालते, मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. नव्या मालिकेतील १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच आणि लांबीत केवळ ४-४ मिलिमीटरचा फरक असल्याने नुसत्या बोटांनी त्या वेगळ्या काढणे आम्हालाही जड जाते. पाकिटात प्रत्येक नोटेला वेगळा कप्पा किंवा वेगळी घडी, ही सवय आतापासूनच लावावी.

चलनवलन_शिक्षिका

मी दृष्टिबाधित प्रौढांना दिशाज्ञान आणि चलनवलन शिकवते. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण माझ्या अनुभवात माणूस कार्यालयात काम करू शकत नाही म्हणून घरी बसत नाही; तो कार्यालयापर्यंत पोहोचू शकत नाही म्हणून घरी बसतो. म्हणून काठीबद्दल लिहिते.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा असलेली माणसे पांढऱ्या काठीला सर्वांत जास्त विरोध करतात, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. समोरच्याचा चेहरा दिसतो, वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, मग आपण अंध कसे, असा प्रश्न त्यांना पडतो. लोकही तसेच बोलतात. वाचता येते आणि तरी खांबाला धडकतो म्हणजे हा प्यालेला असणार, ओळख देत नाही म्हणजे शिष्ट झाला असणार, असे आरोप माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी सोसले आहेत. हातात काठी आली की रस्त्यावरच्या लोकांना न सांगता परिस्थिती कळते आणि हे आरोप थांबतात. सुरुवातीला घडीची काठी घ्यावी, जी पिशवीत राहते आणि संध्याकाळनंतर, अनोळखी जागी किंवा जिन्यावर बाहेर काढता येते.

काठीची लांबी साधारणपणे उभे राहिल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत असावी. ती शरीराच्या मध्यरेषेसमोर धरून मनगटाने खांद्यांच्या रुंदीहून किंचित जास्त डावी-उजवीकडे हलवायची असते. डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे टेकते, उजवे पाऊल पडताना डावीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. वाचताना हे सोपे वाटते, पण शरीराला तो ताल लागायला शिक्षक शेजारी असावा लागतो. काठी कमरेवरचे अडथळे पकडत नाही, आणि आपल्या गावांतील दुकानांचे पत्रे व फांद्या नेमक्या डोक्याला लागतात. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली आणि २०१४ पासून उपलब्ध असलेली स्मार्टकेन आहे. साध्या काठीवर बसणारे हे उपकरण ध्वनिलहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरील अडथळा ओळखून मुठीत कंपन देते. पण साधी काठी नीट आल्याशिवाय ती घेऊ नये.

दादा अजून मोटारसायकल चालवत असतील तर ती आजपासून बंद करावी. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. ज्याच्या नजरेचा घेर आकसला आहे त्याला बाजूने रस्त्यावर धावलेले मूल दिसतच नाही.

जी दृष्टी शिल्लक आहे ती वापरण्यासाठी लो व्हिजन तज्ज्ञाची भेट घ्यावी. एक इशारा देते: घेर लहान असलेल्या माणसाला फार मोठे भिंग दिले तर त्याच्या छोट्याशा खिडकीत एकच अक्षर मावते आणि वाचन सुधारण्याऐवजी बिघडते. त्याला अनेकदा अक्षर मोठे करण्यापेक्षा उजेड, ठळक शाई आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे यांनी जास्त मदत होते. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून ती कागदावर सरकवत नेली, तर ओळ हरवण्याचा त्रास बराच कमी होतो. हा पुठ्ठा आज संध्याकाळी घरी करता येईल. घरातही पायरीच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी, फिकट ओट्यावर गडद रंगाची ताटली आणि पाण्याचे भांडे नेहमी एकाच जागी, एवढ्या बदलांनी पुष्कळ धडका टळतात. दारे मात्र पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावीत, अर्धवट उघडे दार कपाळ फोडते.

शिकण्याच्या जागा विचारल्या आहेत. मुंबईत वरळीला नॅब, म्हणजे राष्ट्रीय अंध संघ, १९५२ पासून काम करत आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र २००३ मध्ये सुरू झाले असून साधने, बँकिंग आणि हक्क या विषयांत त्यांचा अभ्यास मोठा आहे. पुण्यात पुणे अंधजन मंडळ आहे आणि मोहम्मदवाडी येथील देसाई नेत्र रुग्णालय त्यांचेच आहे. तालुक्याच्या गावात शिक्षक मिळत नाही ही खरी अडचण आहे, त्यामुळे रजा घेऊन काही काळ शहरात राहून पाया पक्का करावा आणि पुढचे फोनवरून शिकावे असे मी सुचवते.

नव्या वैद्यांबद्दल स्पष्ट बोलते. या विकारात अनेक जनुके गुंतलेली आहेत. आरपीई६५ या एका जनुकातील दोषासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली, पण तो त्या दोषापुरताच आहे. खात्रीने दृष्टी परत आणतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून लांब राहावे. जनुकीय समुपदेशन जरूर घ्यावे, आणि घरातील भावंडे व मुलांचीही तपासणी करावी. ताई, यात आपणही आलात.

कृष्णाकाठची

सर्वांची मनापासून आभारी आहे. हे सर्व दादाला वाचून दाखवले. अर्जाचा मसुदा त्याने वहिनीकडे दिला आहे. पुठ्ठ्याची युक्ती त्याच रात्री केली आणि त्याला टिपणीचे अख्खे पान न थांबता वाचता आले.

दोन अडचणी आहेत. कार्यालयाच्या संगणकावर एनव्हीडीए घेऊन पाहिले तेव्हा मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील मजकूर ते नीट वाचते, परंतु दादाच्याच शाखेतील जुनी पत्रे उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची रांग ऐकू येते. वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या पीडीएफ फायलींवर तर ते काहीच बोलत नाही. दुसरे असे की, नेत्रतज्ज्ञाने तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावली, दादाने ती बरीचशी वाचली, आणि ‘तुम्हाला प्रमाणपत्र मिळणार नाही’ असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. ब्रेल या वयात शिकावे का, याबद्दलही मत हवे आहे.

ध्वनिवाचक

इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू येते कारण ती पत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा चेहरा देतो. डोळ्यांना ‘शाळा’ दिसते, स्क्रीन रीडरला त्यामागची चिन्हे सापडतात आणि तो बिचारा तीच प्रामाणिकपणे वाचतो. अशी पत्रे युनिकोडमध्ये बदलणारे रूपांतरक मोफत मिळतात. नेहमी लागणारे नमुने, म्हणजे वेतननिश्चितीचे, रजेचे, सेवापुस्तकाच्या नोंदीचे मसुदे, एकदा रूपांतरित करून जोडाक्षरे आणि रफार तपासून घ्यावेत. तिथे हमखास गफलत होते. यापुढे शाखेतील सर्वांनी युनिकोडमध्येच टंकावे, ही मागणी दादांनी लेखी करावी, कारण त्यांच्या कामाची ती मूलभूत गरज आहे.

न बोलणाऱ्या पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटो होत. त्यात अक्षरे नसतात, चित्र असते. अशी फाईल गुगल ड्राइव्हमध्ये चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की चित्रातील मराठी मजकूर वेगळा काढून मिळतो. छापील मजकुरावर हे चांगले चालते, हस्ताक्षरावर भरवसा ठेवू नये, आणि आकडे व दिनांक दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. गोपनीय कागद मात्र अशा ठिकाणी चढवू नयेत. हातातला कागद वाचायला फोनवर गुगल लेन्स किंवा सीइंग एआय वापरून पाहावे. रंग, एखादे बटण, औषधाच्या पट्टीवरची तारीख अशा गोष्टींसाठी बी माय आइज आहे, ज्यात डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर पाहून सांगतो.

ब्रेल मी लहानपणी शिकलो आणि बैठकीत मुद्दे ब्रेलमध्येच लिहून नेतो, कारण बोलताना कानात दुसरा आवाज चालू ठेवता येत नाही. तरीही दादांनी आधी संगणक शिकावा असे माझे मत आहे. नोकरी संगणकावर टिकणार आहे.

चलनवलन_शिक्षिका

ब्रेलबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी बोटांना वेग येणार नाही हे खरे, पण अख्खे पुस्तक वाचण्यासाठी कोणी ते शिकवत नाही. भारती ब्रेलची, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीची, अक्षरे ओळखता आली तरी फाईलच्या पाठीवर, औषधाच्या डबीवर, किल्लीवर चिठ्ठी लावता येते आणि त्यासाठी फोन काढावा लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, संगणकाच्या शिक्षणाला धक्का न लावता, हे करावे. गोडी लागलीच तर स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक आहे, याची माहिती असू द्यावी.

वाचनाची आवड असेल तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्व घ्यावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके डिजिटल स्वरूपात मिळतात, आणि त्यात मराठी पुस्तकेही आहेत. कामाव्यतिरिक्त काहीतरी आवडीचे ऐकायला असेल, तर स्क्रीन रीडरचा सराव आपोआप होतो.

निवृत्त_आस्थापना

प्रमाणपत्राबाबत दादांवर अन्याय झालेला आहे, आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत दृष्टिबाधेची व्याख्या फक्त तक्त्यावरील अक्षरांवर केलेली नाही. चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे ३ मीटरवरूनही न दिसणे) किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे, यांपैकी काहीही एक असले तरी ती व्यक्ती अंध ठरते. दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी, पण १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी ठरते. त्यामुळे तक्त्यावरची खालची ओळ वाचणारा माणूसही दृष्टिक्षेत्राच्या निकषावर पात्र असू शकतो. पेरिमेट्री ही दृष्टिक्षेत्र मोजणारी तपासणी दोन्ही डोळ्यांची करून घ्यावी, दृष्टिपटल तज्ज्ञाचे निदानपत्र जोडावे, आणि केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज करून जिल्हा रुग्णालयातील मंडळासमोर हे कागद घेऊन जावे. तिथे तोंडी सांगण्यावर थांबू नका. ‘क्षेत्राच्या निकषावर तपासणी व्हावी’ हे वाक्य लेखी अर्जातच ठेवा. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. नोकरीचे संरक्षण हा वेगळा विषय आहे, पण प्रमाणपत्र हाती असले की कार्यालयात बोलणे सोपे जाते.

यानंतर कार्यालयप्रमुखांना एक पानाचे पत्र द्यावे. त्यात आजाराचे नाव, कलम २० चा उल्लेख आणि वाजवी सोयींची नेमकी मागणी असावी: स्क्रीन रीडर बसवलेला संगणक व हेडफोन, युनिकोडमधील मजकूर, सपाट पृष्ठाचा स्कॅनर, खिडकीकडे पाठ येईल अशी टेबलाची जागा, आणि प्रशिक्षणासाठी मुभा. मोघम ‘सहकार्य व्हावे’ असे लिहू नये, त्यावर कोणी काही करत नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावा. कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही अस्तित्वात आहे.

काठी, स्मार्टफोन यांसारखी साधने केंद्राच्या एडिप योजनेतून मिळू शकतात, पण तिला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि नियमित वेतन घेणारा कर्मचारी त्यात बसेलच असे नाही. अर्ज करण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

कृष्णाकाठची

पेरिमेट्रीची वेळ घेतली आहे आणि पत्राचा मसुदा दादा स्वतः, एनव्हीडीए लावून, टंकत आहे. कार्यालयात सध्या आहे तो स्कॅनर एका बाजूने कागद ओढून घेणारा आहे आणि जुन्या सेवापुस्तकांची पाने त्यात फाटतील अशी भीती आहे. मागणीत कोणता स्कॅनर लिहावा?

ध्वनिवाचक

सपाट काचेचा साधा स्कॅनर लिहावा, कागद ओढणारा नको. शिवलेल्या सेवापुस्तकाचे पान काचेवर पालथे ठेवता येते. स्कॅन करताना ३०० डीपीआय आणि करडी छटा ठेवावी. नुसत्या काळ्या-पांढऱ्या पर्यायात पुसट शाईच्या मात्रा आणि अनुस्वार उडून जातात. पान उलटे ठेवले गेले आहे का हे दादांना ऐकून लगेच कळेल, कारण तेव्हा अर्थहीन मजकूर येतो. सुरुवातीला प्रत्येक पुस्तकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला एक छोटी चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे बोटाने दिशा समजेल.